एक असाच, एक उलटा

आमच्या कपाटाला दारं नाहीत. एकही नाही. पाहुणे येतात, माझ्या साड्यांच्या घड्या बघतात आणि तोंडावर हात धरून हसतात. हसा म्हणावं! ती दारं कुठे गेली ते कळलं, तर हसायचे नाहीत.

आमचे हे पत्र्याचं काम करतात. पन्हळी, धुराडी, पाण्याच्या टाक्या. माणूस गरीब गाय, पण एखादं काम डोक्यात शिरलं की घरात आपल्याला बायको आहे हेही विसरणारा.

एके दिवशी दुकानात एक बाई आल्या. सत्तरी ओलांडलेली, हातात काठी, पण नाकावर माशी बसू देणार नाहीत. मागे त्यांचा भाचा टेम्पोतून लोखंडी नळ्यांचा एक सांगाडा उतरवत होता. चार चाकं, मधोमध एकच खुर्ची. शर्यतीची गाडी! बाई तरुणपणी ती पळवायच्या म्हणे. शेवटच्या शर्यतीत गाडी उजव्या अंगाने कठड्यावर घासली, पत्रा फाटून उडाला आणि बाईंना लोकांनी उचलून बाहेर काढलं. तेव्हापासून गाडी पडूनच होती.

"पुढच्या महिन्यात जुन्या गाड्यांची फेरी आहे," बाई म्हणाल्या. "एकदा चालवायची, थांबवायची आणि माझ्या पायांनी खाली उतरायचं. बस. डोळ्यांचा डॉक्टर म्हणतो, पुढच्या वर्षी विचारूसुद्धा नका."

गाडी बनवणारा कारखाना कधीच बंद पडलाय. नमुन्याला डाव्या बाजूचा एक गंजका पत्रा तेवढा उरला होता. लांबट, पुढे उंच, मागे निमुळता, कडा आत वळवलेल्या आणि मधे एक उठावाची पट्टी. बाई म्हणाल्या, "याच्यावरून दोन करा. एक असाच, एक उलटा."

"झालंच समजा," हे म्हणाले. इथेच घात झाला.

अशा कामाला मोठ्या कारखान्यांत लोखंडी साचे असतात. ह्यांच्याकडे काय होतं? माझा संसार! कपाटाचं एक लाकडी दार उतरवून त्याच आकाराचं कापलं आणि कानशीने कडा गोल केल्या. मधे पट्टीसाठी खाच कोरली. त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा, वर फळी, आणि सगळं आवळून लाकडी हातोडीने कडा वळवायच्या. पट्टी उठवायला फळीवर, दुकानाच्या तुळईखाली, गाडी उचलायचा जॅक लावला. जॅक चढवला की छत कुरकुरायचं आणि वरच्या मजल्यावरचे आजोबा काठी आपटायचे. पत्रा ठोकायला मऊ गादी हवी म्हणून ह्यांनी माझ्या उशीत वाळू भरली. मला सांगितलंसुद्धा नाही! रात्री मी धपकन डोकं टेकलं आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले.

पण पहिला पत्रा काय झाला म्हणून सांगू! आरशासारखा. मग दुसरा. ह्यांनी दार उलटं ठेवलं, म्हणजे डोकं खाली, पाय वर, आणि परत तितकेच दिवस ठोकाठोकी. शेवटची कड वळवताना दार उभं चिरलं, पण पत्रा निघाला.

बाई आल्या. डावा पत्रा टक्कन बसला. दुसरा बसेना. कडा आत घेतल्या तर उंच टोक मागे जाई. उंच टोक पुढे आणलं तर कडा बाहेर. हे घामाघूम. तेवढ्यात मी ह्यांचा डबा घेऊन पोचले. मी शिवणकाम करते, मला एका नजरेत कळलं.

"अहो, तुम्ही दोन्ही डाव्या बाह्या शिवल्यात!"

"काहीतरीच काय! मी उलटा केलाय."

"उलटा केलेला परत फिरवला की तोच होतो हो! उलटा म्हणजे पालथा. दार पालथं घालायचं होतं!"

"मी उलटाच म्हणाले होते," बाई कडाडल्या.

"आणि मी उलटाच केला," हे हट्टाने म्हणाले.

दोघांचंही बरोबर, आणि गाडी एका बाजूने उघडी. मग बाई रिकाम्या पिंपावर बसल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, "राहू द्या. असली उघडी गाडी फेरीत सोडत नाहीत." इतका वेळ कडकडणारी ती बाई पार विझली. ह्यांचा राग आला, आणि ह्यांचं तोंड बघून ह्यांचीही दया आली. साचा तर चिरलेला. घरी आले, पेचकस घेतला आणि कपाटाचं दुसरं दार मीच उतरवलं. डोक्यावर घेऊन दुकानात नेऊन आपटलं. वर खडूने लिहिलं, 'पालथा'. ह्यांनी करवत उचलली. जन्मात पहिल्यांदा, वाद न घालता!

उजवा पत्रा फेरीच्या आदल्या दिवशी बसला.

फेरीला आम्ही दोघं दोरीला चिकटून उभे होतो. बाईंना गाडीत बसवायला भाचा आणि आणखी दोघं लागले. गाडी गुरगुरली, सुटली आणि वळणाआड दिसेनाशी झाली. ह्यांनी माझा हात असा आवळला की बांगडी पिचली. मग आवाज परत आला आणि गाडी बरोब्बर पांढऱ्या रेघेवर थांबली. इंजीन बंद. माणसं हात पुढे करून धावली.

"खबरदार हात लावाल तर!" बाई गरजल्या.

एक पाय बाहेर आला. मग कितीतरी वेळ काहीच नाही. भाचा नखं कुरतडत होता. मग दुसरा पाय आला, आणि बाई डुगडुगत का होईना, उभ्या राहिल्या. काठीसुद्धा मागितली नाही. इतक्या माणसांत मी भोकाड पसरलं.

हे घाबरून माझ्याकडे वळले. "अगं, रडतेस काय? पत्रा नीट बसलाय की!"