त्रेसष्ट नंबरचा पुतण्या

माझ्या पुतण्याइतक्या मनापासून खाली पडणारा माणूस अख्ख्या वसईत दुसरा नाही. तो अमेरिकन फुटबॉल खेळतो, तोही भारताच्या संघातून. खांद्यांना जाड गाद्या बांधायच्या, डोक्यावर जाळीचं हेल्मेट घालायचं आणि एका लांबट चेंडूपायी समोरच्याला धडकायचं, असा तो खेळ. वय चाळिशीला आलेलं, वालीवच्या कारखान्यात फिटर. आमच्या गिरीज गावातली सगळी माणसं वजन कमी करायला चालतात. हा वजन उतरू नये म्हणून सकाळी डझनभर अंडी खातो. सराव माझ्या वाडीत. घड उतरवलेली केळ तोडायच्या आधी मी त्याला सांगायची, मग तो पळत येऊन तिला खांद्याने आडवी करायचा. एकदा हेल्मेटच्या जाळीतून वरचं दिसलं नाही आणि लोंगराची, म्हणजे घड लागलेली, केळ पाडली. आठ दिवस मी त्याला कच्च्या केळ्यांची भाजी वाढली. निमूट खाल्ली.

"चेंडू कधी हातात येतो का रे तुझ्या?" मी विचारलं.

"बारा वर्षांत दोनदा, काकी. दोन्ही वेळा चुकून." मग समजावून म्हणाला, "चेंडू फेकणारा माझ्या मागे असतो. त्याच्यापर्यंत कुणाला पोचू द्यायचं नाही, एवढंच माझं काम."

मागे एकदा संघ परदेशी गेला, तेव्हा हा सगळे सामने बाकावर बसून होता. परतल्यावर लोक हार घेऊन आले. त्याने प्रत्येकाला थांबवून सांगितलं, "खेळलो नाही, बसून होतो." हार मात्र ठेवून घेतला. यंदा पुन्हा निवड झाली. संघाच्या सरांनी स्पष्ट सांगितलं होतं, ही शेवटची खेप, पुढे तरुण पोरं नेणार. त्याला एकच हवं होतं, देशासाठी एकदा मैदानात उतरायचं.

दुपारी आम्ही ओटीवर सुनेच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, मोबाइलवर सामना बघत होतो. आपली धूळधाण चालली होती. शेवटची काही मिनिटं उरली आणि सून म्हणाली, "काकी, त्रेसष्ट नंबर. उतरवलं त्यांना."

समोरचा गडी याच्या दीडपट. दोघं भिडले आणि याच्यावर आणखी तिघं कोसळले. मागच्या पोराने सावकाश नेम धरून चेंडू फेकला, दुसऱ्याने पळत जाऊन झेलला, आणि पाटीवर भारताचे पहिले गुण लागले. मोबाइलवर सगळा वेळ झेलणाऱ्याचंच तोंड दाखवत होते.

संध्याकाळी त्याचा फोन आला. "काकी, हरलो. मी दिसलो का?"

"नाही दिसलास," मी म्हटलं. "ढिगाखाली होतास. पण त्या पोराला कुणी हात लावला नाही, ते मी बघितलं."

मग तो म्हणाला, "जेवलीस का, काकी?"

संध्याकाळचे सहाच वाजले होते. तरी मी हो म्हटलं.