मागं फिरायची वाट

सुनंदाताई मगदूम यांची आणि माझी पहिली भेट सांगलीतल्या आमच्या कार्यालयात झाली. सगळ्या काट्यांची जबाबदारी त्यांच्याकडे होती, आणि पहिल्याच भेटीत त्यांनी माझ्या हातातला पेनड्राइव्ह काढून घेतला. साखर कारखान्यांच्या वजनकाट्यांचे सॉफ्टवेअर आम्ही करतो. नवी आवृत्ती पेनड्राइव्हवर घालून मोटारसायकलने कारखान्याकारखान्यांना हिंडायचे, ही तेव्हाची रीत. "गळीत सुरू हाय. काट्याला हात लावायचा न्हाई," एवढेच त्या म्हणाल्या. ताईंचे माहेर कवठे महांकाळचे. तिकडची बोली आणि करारीपणा त्यांनी साठीपर्यंत जपला आहे.

पुढे कारखाने वाढले आणि ही वणवण झेपेना. सगळ्या काट्यांवर आवृत्ती पाठवणारे एखादे साधन घ्यायचे ठरले. दोन साधने समोर आली. पहिले देखणे, एक कळ दाबली की सगळीकडे पोचणारे. दुसरे गोगलगायीच्या जातीचे: दोघांची संमती मागणार, एका काट्यावर नीट चालले तरच पुढे सरकणार. मालकांनी पहिल्याला जवळजवळ शब्द दिला होता. ताईंनी बैठकीत एकच मागणी केली, की मुद्दाम बिघडवलेली आवृत्ती चढवा आणि जुनी परत आणून दाखवा. देखण्या साधनाने जुनी आवृत्ती आणली खरी, पण नवी चालू असताना झालेल्या नोंदी तिला वाचता येईनात. दुसऱ्या साधनाला ते जमले. असे क्वचितच होते, असे विक्रेते म्हणाले आणि मालकांनी मान डोलावली.

"आवं मालक, पुढं कुणीबी पळतंय," ताई म्हणाल्या. "मागं फिरायची वाट नसंल तर ह्या हंगामाची जबाबदारी मी घेणार न्हाई. दुसरं माणूस बघा."

त्यांचे घर त्यांच्याच पगारावर चालत होते. मालकांनी दुसरे साधन घेतले, पण या संथपणापायी एक जरी कारखाना हातचा गेला तर राजीनामा घेऊन या, असेही बजावले.

त्याच हंगामात, गळीत चालू असतानाच, पावतीचा नमुना बदलणे भाग पडले. नवी आवृत्ती पहिल्या काट्यावर चढली आणि काटा अडला. चाचणीत आम्ही ट्रॅक्टरमागे एकच ट्रॉली धरली होती. दुसरी ट्रॉली आली की सॉफ्टवेअर म्हणे, ही गाडी मोजून झाली. ऊसवाल्यांच्या घरात वाढलेल्या आम्हाला दोन ट्रॉल्या आठवू नयेत, याला काय म्हणावे! रांग फाटकाबाहेर गेली, ऊस उन्हात वाळू लागला, चालक हमरीतुमरीवर आले. मालकांचा फोन सारखा वाजत होता. ताईंनी संमती दिली, मी दिली आणि जुनी आवृत्ती परत आली. एकही पावती हरवली नाही. बाकीच्या काट्यांपर्यंत तर ती चूक पोचलीच नव्हती.

चूक कोणाची, असे मालकांनी विचारले. तो बदल लिहिणारी शिल्पा नुकतीच नोकरीला लागली होती आणि भिंतीला टेकून उभी होती. "संमती माझी हुती," ताई म्हणाल्या. राजीनाम्याचा विषय मालकांनी पुन्हा काढला नाही.

आता ताई निवृत्त होत आहेत. तुमच्या जागी संमतीला कोणाचे नाव घालू, असे परवा मालकांनीच त्यांना विचारले. ताईंनी शिल्पाकडे बोट दाखवले. "तिचं घाला. काटा अडल्यावर काय हुतंय, ते तिनं बघितलंय." शिल्पाला रडू आवरेना, आणि खरे सांगायचे तर मलाही.

ताई, तुम्हाला उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. काट्यांची काळजी आता आमच्यावर सोडा. फक्त गळिताच्या दिवसांत आमचा फोन आला, तर तेवढा उचला.