रिकाम्या गाडीची तपासणी

बाबालाल मिस्त्री गाडीला हात लावायच्या आधी ड्रायव्हरला समोर बसवून घेत. मलकापुरात रस्त्याकडेला त्यांचं पत्र्याचं वर्कशॉप होतं. मालक सोबत आला असला तर त्याला सरळ सांगत, "मालक, तुमी च्या पिऊन या. गाडी तुमची आसंल, पर तिच्यासंगं ऱ्हातोय ह्यो." मग प्रश्न सुरू. दिवे चढाला गेले की उताराला, गाडीत माल किती होता, दिवे आपोआप आले की गचका बसल्यावर आले. आम्ही ड्रायव्हर लोक पार कंटाळून जायचो. पण लष्करात वीजकाम शिकून आलेला असा माणूस कऱ्हाडपासून सांगलीपर्यंत दुसरा नव्हता. तपासणीचा दिवा, म्हणजे दोन तारा जोडलेला एक बल्ब, ते गळ्यात ताईत घालावा तसा घालून हिंडत.

ही चौकशीची सवय त्यांना पहिल्यापासून नव्हती. ती ज्ञानूमुळे लागली.

ज्ञानू कोरेगावजवळच्या एका खेड्यातला. माझ्या आधी आमच्या मालकांची लॉरी तोच चालवायचा. लढाई संपून फार दिवस झाले नव्हते आणि डिझेलची गाडी आमच्या भागात नवलाईची होती. गूळ भरून ती सांगलीच्या पेठेत जायची. एकदा दिवेलागणीच्या वेळी उतारावर तिचे दिवे आणि हॉर्न एकदम गेले. डिझेल इंजिन एकदा चालू झालं की त्याला विजेची गरज नसते. गाडी तशीच पळत राहिली आणि बाभळीवर आदळली. लोक जमेपर्यंत दिवे पुन्हा लख्ख लागले होते. दिवे गेले होते म्हणून ज्ञानू सांगत राहिला, पण समोर दिवे जळत असताना त्याचं ऐकणार कोण?

मालकांनी माल उतरवला आणि गाडी बाबालालांकडे पाठवली. त्यांनी दोन दिवस तार न् तार तपासून वायरिंगमध्ये काही दोष नाही असा निर्वाळा दिला. ज्ञानू दारात उभा होता. त्याला त्यांनी एका शब्दानं विचारलं नाही. मालकांनी ज्ञानूला काढून टाकलं. गाडी चालवताना तो झोपला असं मालक म्हणाले होते. गावात पोचेपर्यंत त्याचं 'प्याला होता' झालं. आणि ज्ञानूचं घर माळकऱ्यांचं. त्याच्या जागी मी लागलो, आणि खोटं कशाला सांगू, मीही तेच खरं धरून चाललो होतो.

सहा महिन्यांनी इस्लामपूरच्या अलीकडे तिन्हीसांजेला माझे दिवे गेले. गाडी खड्ड्यात आदळली आणि दिवे परत आले. मी गाडी कडेला घेतली आणि कितीतरी वेळ स्टिअरिंग धरून बसलो. वाचल्याचं सुख वाटेना, ज्ञानूचंच तोंड डोळ्यांपुढे येत होतं.

सांगलीला जायच्या ऐवजी मी दुसऱ्या दिवशी भरली गाडीच मलकापुरात आणून उभी केली. माल उतरवू का म्हणून विचारलं, तर मिस्त्री नको म्हणाले आणि खाली शिरले. बॅटरीकडून दिव्यांकडे जाणारी जाड तार रिकाम्या गाडीत सैल लोंबायची. गुळाच्या वजनानं चेसिस दबली की ती ताणली जात होती. वरचं रबर शाबूत, आतली तांब्याची तार तुटलेली. गाडी रिकामी असली की तुटकी टोकं एकमेकांना चिकटलेली राहत; भरली असली की एखाद्या गचक्यानं सुटत आणि दुसऱ्या गचक्यानं परत टेकत.

मिस्त्री बाहेर आले आणि जमिनीवरच बसले. "रिकामी गाडी माझ्यासंगं खोटं बोलली, शंकर," ते म्हणाले. "पर खरं सांगनारा दारात हुबा व्हता की."

मालकांना पत्र लिहून कळवून टाकू, ते ज्ञानूला बोलावतील, असं मी सुचवलं. त्यांनी नकाराची मान हलवली. "कागुद मालकाला पोचंल. गावाला न्हाई पोचायचा."

मालकांना सांगून आम्ही दोघं ज्ञानूच्या गावी गेलो. चावडीवर चारचौघं बसलेले होते. शेताकडून ज्ञानूला बोलावलं, मागोमाग त्याची आईही आली. मिस्त्रींनी खिशातून तो तारेचा तुकडा काढला, दोन्ही हातांनी ताणून सगळ्यांना दाखवला आणि म्हणाले, "ह्यो पोरगा प्याला न्हवता, झोपलाबी न्हवता. चूक माझी हाय. मी गाडी रिकामी तपासली."

ज्ञानूनं एवढंच विचारलं, "मिस्त्री, तवा मला एकदा इचारलं का न्हाई?" मालकांनी परत बोलावलं तरी ज्ञानू गाडीवर आला नाही, शेतीच करत राहिला. मिस्त्रींना ते फार लागलं होतं. माझ्याजवळ ते दोन-तीनदा बोलून गेले की एक चांगला हात आपण वाया घालवला.

पुढं तीन वर्षांनी मिस्त्री गेले. कबरस्तानात माती द्यायला सगळ्या वाटेवरचे ड्रायव्हर जमले होते. त्यांत मागं ज्ञानू उभा होता. कोरेगावाहून आला होता. त्यानं पुढं होऊन मूठभर माती टाकली. परतताना मी त्याला म्हणालो, बरं झालं, तुझा राग गेला.

"राग हाय की," तो म्हणाला. "अजून हाय. पर त्यो मानूस चावडीवर बोलला, तवा सा म्हैन्यांनी माझ्या आईनं माझ्याकडं नीट बगितलं."