तलावाखालची बादली

मंजुषा भित्री होती, हे आधीच सांगून टाकतो. देवगाव रंगारीची ही पोरगी शहरात इंजिनीअर झाली, नाव कमावलं, पण एखादा स्लॅब भरला की तिच्या घशाखाली घास उतरायचा नाही. सळई जास्त टाकते म्हणून बिल्डर तिच्या नावानं बोटं मोडायचे. मोडेनात का!

एका सोसायटीचा पोहण्याचा तलाव तिनंच डिझाइन केला होता. पार्किंगच्या वर, खांबांवर उचललेला काँक्रीटचा हौद, चार फूट पाण्यापुरता. पण ज्या शहरात नळाची वाट आठवडाभर बघायची, तिथं पोहतंय कोण? चेअरमन बिभीषणरावांनी काठावर दोन फूट विटा चढवल्या आणि तलाव तुडुंब भरून साठा केला. सगळ्यांनी त्यांना डोक्यावर घेतलं. मंजुषाला विचारायचं मात्र कुणाच्या मनातही आलं नाही.

ती तिथं गेली मैत्रिणीकडं, सहज. पार्किंगमध्ये वॉचमनची बायको बानाबाई तुळईखाली बादली लावून बसली होती. लई दिवसांपासून गळतंय, फुकटचं पाणी, असं ती कौतुकानं म्हणाली. मंजुषानं वर पाहिलं. खांबाजवळ तिरकी भेग गेली होती. तसली तुळई मोडण्याआधी सांगत नाही.

बिभीषणराव ऐकेनात. एवढं पाणी गटारात सोडायचं म्हणजे पाप, म्हणाले. तिनं हात जोडले, मग पोलिसांची धमकी दिली, तेव्हा कुठं ते तयार झाले. गाड्या हलवल्या, माणसं बाहेर काढली. मंजुषानं स्वतः वर जाऊन व्हॉल्व्ह उघडला. पाणी धो धो सुटलं आणि तिला जरा हायसं वाटलं.

तेवढ्यात खाली गलका झाला. पाणी वाया चाललंय, ही खबर ग्रुपवर पोचली होती. मजल्यामजल्यांवरून माणसं बादल्या, टब, पिंप घेऊन धावली, आणि तलावाचा पाइप उतरत होता नेमका त्याच भेगेच्या खांबाला लागून. बिभीषणराव रांग लावत होते. व्हॉल्व्ह बंद करावा तर भार तसाच, चालू ठेवावा तर माणसं तिथंच! ती वरून ओरडली. बानाबाईनं मान वर केली.

"थांबा ताई, एवढी घागर भरू द्या."

मंजुषाच्या पायाखाली काहीतरी कट्ट वाजलं. तिला जन्मभर ज्याची भीती वाटली, तोच हा आवाज होता. बाहेर पडायचा जिना मागच्या बाजूला होता. ती पुढच्या जिन्यानं धावली, थेट तलावाखाली, आणि तिनं बानाबाईच्या कमरेला मिठी घालून तिला बाहेर ओढायला सुरुवात केली. घागर काही बानाबाई सोडत नव्हती.