उभं राहण्याचं काम

इतकी वर्षं कुस्ती केलीस, मिळवलंस काय, असं कुणी विचारलं की मी कान दाखवतो. मातीत घासून घासून दोन्ही असे मोडलेत की इअरफोन आत बसत नाही. जत्रांमधले फेटे विटले, स्टीलच्या घागरी बहिणींच्या लग्नात गेल्या, नारळ तर त्याच दिवशी फुटले. कान तेवढे राहिले, आणि पुढची भाकरी मला त्यांनीच मिळवून दिली.

कुस्ती मी कामशेतच्या एका तालमीत शिकलो. वस्ताद पहाटे आम्हाला कुटायचे आणि उजाडलं की जीपला लोंबकळत पवनेच्या बाजूला आपल्या शेतावर जायचे. ते शेत आम्ही कुणी कधी पाहिलं नव्हतं. फी मागितल्याचं आठवत नाही, शिव्या मात्र सढळ हातानं द्यायचे. नवीन पोरगं डाव शिकायची घाई करायला लागलं की म्हणायचे, "डाव मागनं बगू. आदी नीट उभा ऱ्हा."

मी बरा पैलवान होतो. बरा म्हणजे, जत्रेत शेवटून दुसरी कुस्ती माझी असायची. शेवटची, मोठ्या मानाची, कधीच लागली नाही. मग एका निवड चाचणीत गुडघा फिरला आणि डॉक्टरांनी माझं करिअर एका वाक्यात आटोपलं. खुराकाची सवय लागलेलं पोट घेऊन मी घरी बसलो. आई पातेलं जरा जोरात आपटायची.

तेवढ्यात एका जमिनीच्या एजंटानं माझे कान पाहिले. गुडघा पाहिला नाही, त्यामुळं नोकरी लागली. काम सोपं. पांढरा शर्ट घालायचा, काळा गॉगल लावायचा, दुसऱ्याच्या शेताशी गाडीतून उतरायचं आणि हाताची घडी घालून उभं राहायचं. मारामारी नाही, शिवीगाळ नाही, सगळं कसं कायद्याला धरून. समोरचा आपापला घाबरायचा आणि व्यवहाराचं बोलायला लागायचा. अंगाला माती न लावता मी एवढ्या कुस्त्या कधी जिंकल्या नव्हत्या.

असल्या कामाला जाणाऱ्यानं तालमीची पायरी चढायची नाही, असा वस्तादांचा दंडक होता. मी चढत नव्हतो. ते दिसले की रस्ता बदलायचो.

एका आषाढात एजंटानं पवनानगरकडचं काम सांगितलं. दोन चुलतभावांचं सामाईक खाचर. एकानं आपला हिस्सा विकला होता, दुसरा हलायला तयार नव्हता. भाताची लावणी व्हायच्या आत त्याला हलवायचं होतं, कारण एकदा रोपं जमिनीत गेली की कापणीपर्यंत त्याला कुणी उठवू शकत नाही. आम्ही सहा जण निघालो. सगळे एकाच तालमीचे, कारण एजंटाला त्याच घडणीचे कान पसंत होते. शेत कुणाचं, हे कुणी विचारलं नाही. आमच्या धंद्यात तसली चौकशी बरी दिसत नाही.

पाऊस भुरभुरत होता आणि आम्ही गॉगल लावून उतरलो. धड काही दिसत नव्हतं. खाचरात दोन बायका रोपं लावत होत्या आणि बैलांमागं एक म्हातारा चिखल करत होता. त्याची पाठ मी गॉगलमधूनही ओळखली. ती पाठ आम्ही सगळ्यांनीच चोळलेली होती. आमच्यातला एक जण गॉगल काढून बांधावरून खाली उतरला आणि नव्या पँटीसकट चिखलात वाकून वस्तादांच्या पाया पडला. मग बाकीच्यांनी रांग लावली. गाडीत बसलेल्या एजंटाला वाटलं, हा काहीतरी नवीन डाव असणार.

वस्तादांनी आमच्या शर्टांकडं पाहिलं, गाडीकडं पाहिलं. आता शिव्यांचा पाऊस पडणार म्हणून मी मान खाली घातली.

"आलायसा व्हय?" ते म्हणाले. "बरं झालं. लावनीला मानसंच मिळंनात. बुटं काडा."

आम्ही बुटं काढली. दुसरं काही सुचलंच नाही. एजंट हॉर्न वाजवत होता आणि आम्ही सहा पैलवान ओळीनं वाकून रोपं लावत होतो. वस्ताद मागून ओरडत होते, "त्या खालच्या कोपऱ्यात दाट लावा रं, तितलं पानी कदी हटत न्हाई!" दिवस मावळेपर्यंत खाचर हिरवं झालं. "तुम्हाला ताबा घ्यायला आणलं होतं, द्यायला नाही!" एजंट किंचाळला आणि आम्हाला तिथंच सोडून गाडी घेऊन गेला.

लग्नाच्या पंगतीत मी हा किस्सा इथंच थांबवतो. लोक खूप हसतात.

पुढचं असं, की कापणीनंतर वस्तादांनी आमच्या घरी अर्धं पोतं इंद्रायणी तांदूळ पाठवला. आईनं पातेलं न आपटता भात केला. कुस्तीच्या नात्यानं आमच्या घरात आलेलं ते पहिलं धान्य. आणि पुढच्या वर्षी खाचर गेलं. त्या वेळी पैलवानांची गरजच पडली नाही. मोजणी झाली, वाटप झालं, वरचा खडकाळ तुकडा वस्तादांच्या वाट्याला आला आणि खालचं खाचर विकत घेणाऱ्याच्या. कागद आमच्यापेक्षा फार चांगला उभा राहतो.

आज तिथं रिसॉर्ट आहे. त्यांना गेटवर कान मोडलेला माणूस हवा होता. लाज वाटते का? वाटते. रोज सकाळी टोपी घालताना वाटते, चहा झाला की जरा कमी होते.

मागच्या महिन्यात वस्ताद गेटसमोर जीपमधून उतरले. मी पाया पडलो. बुकिंग असल्याशिवाय कुणाला आत सोडायचं नाही, हा नियम मीच लोकांना सांगत असतो. त्यांनी आत येतो म्हटलं नाही, आणि माझ्या तोंडून 'या' निघालं नाही. त्यांनी भिंतीवरून आत पाहायचा प्रयत्न केला, पण भिंत उंच आहे.

"त्या खालच्या कोपऱ्यात पानी साचायचं," ते म्हणाले. "आजून साचतं का रं?"

त्या कोपऱ्यात आता पोहायचा तलाव आहे, निळ्या फरशीचा.

"साचतं, वस्ताद. बाराही महिने."

"मंग बरं हाय."

मग त्यांची नजर माझ्या पायांवर गेली.

"आन् तू नीट उभा ऱ्हा."