तांब्याच्या रंगाचे पाइप

आमच्या समोरचे हणमंतराव म्हणजे राजाजीनगरातले सगळ्यात संशयी गृहस्थ. नारळ घेताना स्वतःच्या कानाशी हलवतील, मग गंगव्वाक्कांच्या, म्हणजे बायकोच्या, कानाशी हलवतील. निपाणीहून तरुणपणी इथं आले ते एका कारखान्याच्या रंगखात्यातूनच निवृत्त झाले. माझा नवा दरवाजा बघून, "अस्तर मारलेलं नाही," एवढंच बोलले होते. संशयातून सुटलेला माणूस जगात एकच, गावाकडचा दयानंद. त्याचं गॅरेज मागच्याच गल्लीत.

रावांची जुनी गाडी बोअरवेलच्या गळक्या पंपाशेजारी उभी असते. पाणी उडून उडून पोटाखालचे ब्रेकचे पाइप गंजले, पापुद्रे सुटायला लागले. त्यात लेक अश्लेषा बाळंतपणाला आलेली, आणि तिला दवाखान्यात याच गाडीतून न्यायचं हा रावांचा हट्ट. मग पाइपांचा असा अभ्यास सुरू झाला, की अश्लेषासाठी स्थळं बघतानाही झाला नव्हता. स्टील बळकट, पण आमचा पंप त्याला पुन्हा खाणार. नुसतं तांबं गंजत नाही, पण हादऱ्यांनी कडक होऊन चिरतं. शेवटी तांबं-निकेलचा मिश्रधातू पसंत पडला. "जुळले बाई गुण! बुंदी कधी?" असं मी विचारलं, तर गंगव्वाक्का हसल्या, राव नाही.

दयानंदनं पाइप बसवले. रावांनी वाकून तांबूस झाक बघितली आणि "सरी", म्हणजे ठीक, एवढंच म्हणाले. हातसुद्धा लावला नाही. दयाचं काम!

आयुधपूजेला, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, गाडी धुवायची, चाकांखाली लिंबं ठेवायची आणि कोहळा ओवाळून फोडायचा तो दयानंदनंच, अशी त्यांच्याकडची पद्धत. यंदा गंगव्वाक्का पायरीवर देवाची तांब्याची भांडी चिंचेनं घासत होत्या. रावांना उत्साह आला. "ब्रेकनं काय पाप केलंय? त्यालाबी लखलखीत करू की!" म्हणत चिंच आणि नारळाची शेंडी घेऊन ते गाडीखाली शिरले.

"राव, उटणंही लावा हो!" मी गॅलरीतून ओरडले.

बाहेर आले तेव्हा बोटं तांबूस झालेली. त्यांनी फ्रिजवरचं लोहचुंबक मागून घेतलं, पुन्हा आत गेले. टक् असा आवाज आला. तांबं-निकेलला ते चिकटत नाही, हे एव्हाना आमच्या अख्ख्या गल्लीला पाठ होतं. पाइप स्टीलचे होते, वरून रंगवलेले.

रंगखात्यातल्या माणसाला रंगानंच गंडवलं! टोमणा अगदी ओठांवर आला होता. रावांचं तोंड बघून गिळला.

एवढ्यात दयानंद कोहळा घेऊन हजर. "अण्णा, तयार काय?"

रावांनी नुसती बोटं दाखवली.

"ते होय..." दयानंद हसला. हसणं अर्ध्यातच राहिलं. "तो माल मिळंना बघा. स्टीलबी चांगलंच असतंय की, कंपनीवालेबी तेच घालत्यात. तुम्ही ऐकला नसता, म्हणून स्वल्प रंग..."

"ऐकलो असतो."

"अण्णा..."

"दया, तू स्टील म्हणला असतास तर मी स्टीलवर गाडी चालवलो असतो. माझी पोरगी बसणार होती यात. तू ब्रश घेऊन बसलास!"

दयानंदनं काय करावं न सुचून सवयीनं कोहळा उचलला. रावांनी तो त्याच्या हातातून अलगद काढून घेतला आणि गंगव्वाक्कांकडे दिला. "सांबार कर याचं."

पार लांब, आनेकलच्या एका अनोळखी गॅरेजात त्यांनी पाइप पुन्हा बदलून घेतले. प्रत्येक तुकड्याला चुंबक लावून बघितलं म्हणे, तो माणूस वैतागला. अश्लेषाला मुलगी झाली. त्याच गाडीतून नात घरी आली, मागच्या गल्लीतून नव्हे, मोठा वळसा घालून.

बारशाला दयानंद आला. पाळण्यात चांदीचा वाळा ठेवून गेला. तो गेल्यावर रावांनी वाळा उचलला, बराच वेळ नखानं खरवडत बसले.