अजून काही?

कांचनच्या दवाखान्यात नवीन आलेली सिस्टर पहिल्याच दिवशी डोळे पुसत बाहेर आली. झालं होतं ते असं. एका आजोबांची सलाईन संपत आली होती. डॉक्टरीणबाई, म्हणजे कांचनच, जाता जाता म्हणाल्या, "सिस्टर, आजोबांची सलाईन वाढवा." पोरगी मुंबईकडची. तिनं चाकी फिरवली आणि थेंबांची धार करून टाकली. आजोबांनी बोंब ठोकली, तशी कांचन धावत आली आणि तिनं नळी बंद केली.

"अगं, वाढवा म्हणजे काढून ठेव!"

"मग बंद करा म्हणा ना मॅडम!"

तेवढंच तर कांचनला म्हणता येत नसे.

कांचनच्या वडिलांचं जुन्नरच्या पेठेत किराणा दुकान होतं. घराणं मूळचं राजस्थानातलं, जैन; पण इथं इतक्या पिढ्या गेल्या होत्या की घरातली भांडणंसुद्धा मराठीत व्हायची. मी मामाकडे राहून जुन्नरला शिकत होतो आणि कांचन माझ्या वर्गात होती. शाळा सुटली की ती दप्तर पोत्यांवर टाकायची आणि वजनकाट्यापाशी उभी राहायची. त्या दुकानात 'बंद', 'संपलं' आणि 'नाही' या शब्दांना थारा नव्हता. दुकान बंद करत नसत, वाढवत. दिवा विझवत नसत, तोही वाढवत. साखर संपत नसे, वाढायची. आपल्याकडे घरोघरी असं थोडंफार बोलतातच, पण अण्णांचा, म्हणजे तिच्या वडिलांचा, त्यावर सक्त पहारा असे. पोरीच्या तोंडून चुकून 'नाही' निघालं की गादीवर बसल्या बसल्या ते नुसते तिच्याकडे बघायचे. मारायचे नाहीत, रागवायचेही नाहीत. पण ती नजर मी पाहिली आहे, त्यापेक्षा मास्तरांची छडी परवडली.

"गिऱ्हाईकाला नाही म्हटलं की लक्ष्मी उंबऱ्यावरनं मागं फिरते," ते म्हणायचे. "माल नसंना का दुकानात, जिभेवर असू दे."

माझी आई पिंपरी पेंढारहून बाजारच्या दिवशी मला भेटायला यायची आणि बाजारही अण्णांच्याच दुकानात करायची. एकदा तिला खोडी काढायची लहर आली. "बाय, बैलाची वेसण हाय का गं?" तिनं विचारलं. किराणा दुकानात वेसण! कांचन तेव्हा पाचवी-सहावीत असेल. तिनं अण्णांकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "येईल, मावशी. तोवर खोबरं बघता का? आजच नवं पोतं आलंय." आई हसत हसत खोबरं घेऊन आली. पुढं कितीतरी दिवस गावात ती सांगायची, "त्या शेटजीची पोरगी लई बिलंदर. वेसण मागाया गेले न् खोबरं घेऊन आले."

ही पोरगी पुढं डॉक्टर झाली, आमच्या भागातल्या रस्त्यावरच तिनं दवाखाना टाकला आणि बघता बघता तिथं रीघ लागली. लोक म्हणत, हाताला गुण आहे. असेलही. मला विचाराल तर गुण हाताला नव्हता, तोंडाला होता. पेशंट आला की आधी बसायला खुर्ची, मग पाणी, मग 'शेतात काय केलंय यंदा', आणि मग दुखणं. तपासून झालं, गोळ्या लिहून झाल्या, की चष्म्यावरून बघत ती विचारायची, "अजून काही?"

हे 'अजून काही?' अस्सल दुकानातलं. सगळं बांधून झालं की अण्णा विचारायचे आणि गिऱ्हाईकाला हमखास तेव्हाच खरी वस्तू आठवायची. दवाखान्यातही तसंच. खोकल्याचं औषध घेऊन उठलेली बाई दाराशी घुटमळायची, पदर सारखा करायची आणि हळूच म्हणायची, "तसं काय न्हाई, पर छातीत एक गाठ लागतीय." डिंगोऱ्याची एक बाई अशी वेळेवर हाती लागली आणि आज ठणठणीत आहे. मोठमोठ्या पदव्यांना जे सापडलं नसतं, ते या दोन शब्दांनी कितीदा बाहेर काढलं. कांचनचं नाव झालं त्याचा पाया हा असा वजनकाट्यापाशी उभं राहून घातला गेला होता, हे मला पक्कं ठाऊक आहे.

पण ज्या मातीत गहू येतो तिथं गवतही येतंच. कांचनला 'नाही' म्हणता येत नसे. आणि डॉक्टरला कधी ना कधी ते म्हणावंच लागतं.

माझी आई आजारी पडली तेव्हा हे मला कळलं. पोटाचं दुखणं. तपासण्या झाल्या आणि नको ते निघालं. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात दर मंगळवारी न्यायचं ठरलं. आईला गाडी लागायची. वाटेतलं पेठ गाव येईपर्यंत कशीबशी धरायची, तिथं गाडी थांबवायची, रस्त्याच्या कडेला तिचं डोकं धरायचं आणि मग पुढं घाट. परत आली की दोन दिवस ती उशीवरून मान उचलत नसे. "मला नगं रं नेऊ," ती म्हणायची. आणि मी कांचनकडे जायचो.

"होईल का गं बरी?"

"होईल की. औषध लागू पडायला वेळ लागतो. आणि पुण्यात अजून एक चांगले डॉक्टर आहेत, त्यांनाही दाखवू."

मग त्यांनाही दाखवलं. आई झिजत चालली होती हे मला दिसत होतं, माझी बायको सुनंदा तर रोज तिला न्हाऊ घालत होती. पण डॉक्टर 'होईल' म्हणत असताना आईला घरी ठेवायचं म्हणजे आपण हात टेकले असं होणार. तेवढा धीर कुणात होता? मंगळवार उजाडला की आम्ही तिला पुन्हा गाडीत घालायचो.

एका रविवारी कांचन घरी आली. आईला तपासलं, नाडी बघितली, आणि सवयीनं म्हणाली, "अजून काही, मावशी?"

आईनं तिचा हात सोडला नाही.

"येकच. दुकानात माल नसंल तर सांगावं, बाय. गिऱ्हाईकाला किती येळ हुबं ठेवशील?"

कांचननं खाली बघितलं, चष्मा काढला, पुन्हा घातला. तिच्या ओठांची नुसती हालचाल होत होती. मला वाटलं, आता म्हणेल, येईल, तोवर हे बघा. पण ती खाटेवर आईजवळ बसली.

"नाही, मावशी," ती म्हणाली. "नाही होणार बरं."

सुनंदानं तोंडात पदर कोंबला. आई मात्र जराशी सैल झाली, डोक्यावरचा भारा कुणी उतरवून घ्यावा तशी.

"मंग आता पुण्याची गाडी नगं," ती म्हणाली. "आन् सुनंदे, रडू नगं. मासवड्या कर. लई दिस झालं. या पोरीला बिनलसणाच्या येगळ्या कर, ती खात न्हाई."

कांचनला गाडीपाशी सोडायला मी बाहेर गेलो. मला तिचा राग आला होता, आणि तिचे पाय धरावेसेही वाटत होते. "आधी का नाही बोललीस?" मी विचारलं.

"कितीदा तोंडाशी आलं रे," ती म्हणाली. "पण वाटायचं, अण्णा बघतायत." आणि गाडीच्या दारावर डोकं टेकून ती रडली. अण्णांना जाऊन तेव्हा कितीतरी वर्षं झाली होती.

आता ती सांगते. आधी पेशंटच्या शेजारी बसते, हात हातात घेते आणि सांगते. मी जवळून ऐकलं आहे. अजूनही त्या 'नाही'शी तिचा आवाज अडखळतो.

आईला त्यानंतर महिना-दीड महिना मिळाला. दुखणं होतंच, कांचन येऊन त्यावरचं औषध देत होती. पण आईची खाट ओट्यावर आली. तिथून ती सुनंदाला मासवडीचं बेसन कसं हाटायचं ते ओरडून सांगायची, येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारायची, "पावणं, च्या घेऊन जावा" म्हणायची. मासवडीचा तिला स्वतःला एखादा घासच जायचा. बाकीची ती आम्हाला भरवायची, मला, पन्नाशीच्या घोड्याला.

ती गेली तो मंगळवार होता. सकाळची वेळ, ओट्यावर ऊन आलेलं, सुनंदा तिचे केस विंचरत होती. एरवी त्या वेळेला आम्ही तिला घेऊन घाटात असायचो.